पडदा काळा, पंखा चालू
ओळख संगणकाची : लेखांक ९

‘डिस्प्ले येत नाही’ म्हणून सीपीयू दुकानात नेला की कित्येकदा तो उघडण्याआधीच निदान होतं: ‘फॉरमॅट मारावं लागेल.’ हे निदान चुकीचं आहे, आणि आजचा लेखांक मुख्यतः तेवढंच पटवून देण्यासाठी आहे. पूर्णेत अजून बरेच जुने डेस्कटॉप राबताहेत. टायपिंगच्या क्लासमध्ये, ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांत, रेल्वे क्वार्टरमधल्या एखाद्या घरात. पेन्टियम, ड्युअल कोअर, कोअर टू ड्युओ असल्या या मशिनांत कुणाची दहा वर्षांची उधारी असते, कुणाच्या मुलांचे लहानपणापासूनचे फोटो असतात. फॉरमॅट मारलं की ते जातं, आणि मूळ बिघाड तसाच राहतो.

का राहतो, ते समजायला बटण दाबल्यावर आत काय घडतं ते क्रमाने पाहू. वीज पुरवणारा एसएमपीएस आधी स्वतःचे व्होल्टेज स्थिर झाले का ते बघतो आणि करड्या तारेवरून मदरबोर्डला ‘ठीक आहे’ असा इशारा देतो. याला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ लागतो. मग प्रोसेसर जागा होतो आणि बोर्डवरच्या बायोस नावाच्या चिपमधल्या सूचना वाचायला लागतो. बायोस रॅम शोधतो, ती तपासतो, मग डिस्प्लेची चिप किंवा कार्ड सुरू करतो. तेव्हा कुठे पडद्यावर पहिली अक्षरं उमटतात. हार्ड डिस्कची पाळी त्याच्यानंतर आणि विंडोजची त्याच्याही नंतर. म्हणजे ज्या मशिनवर कंपनीचा लोगोसुद्धा येत नाही, त्याचा घोटाळा विंडोजपर्यंत पोचण्याआधीच झालेला आहे. हार्ड डिस्क पूर्ण काढून ठेवली तरी चांगल्या मशिनवर लोगो यायलाच हवा. लोगो येऊन मग पडदा काळा होत असेल तर तो रोग निराळा, त्याचा विचार पुढे करू.

आता शोधाला लागू. सुरुवात मॉनिटरपासून, कारण त्यासाठी काहीच उघडावं लागत नाही. सीपीयूच्या मागची निळी व्हीजीए केबल काढा, मॉनिटर मात्र चालूच ठेवा. पडद्यावर ‘नो सिग्नल’ किंवा ‘चेक केबल’ असं काही आलं तर मॉनिटर जिवंत आहे. काहीच आलं नाही आणि मॉनिटरचा दिवाही लागला नाही, तर आधी त्याची पॉवर केबल आणि विजेच्या बोर्डाचं सॉकेट बघा. दिवा लागतो पण पडदा काळाच, असं असेल तर केबल पुन्हा जोडा, मशीन चालू करा, खोलीत अंधार करा आणि पडद्यावर तिरका टॉर्च मारा. जुन्या एलसीडीत मागचा उजेड गेलेला असला तर टॉर्चच्या प्रकाशात चित्र अगदी फिकं का होईना, दिसतं. तसं दिसलं तर सीपीयूला हातही लावायची गरज नाही.

व्हीजीएचं हे कनेक्शन १९८७ सालचं, आयबीएमच्या मशिनांबरोबर आलेलं. तीन ओळींत पंधरा पिना. घाईत वाकडी घुसवली की एखादी पिन आडवी होते. केबलचं तोंड उजेडात धरून बघा. ज्या मशिनमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलं आहे तिथे मागे दोन पोर्ट असतात, एक बोर्डचा आणि एक कार्डचा. साफसफाईनंतर केबल चुकीच्या पोर्टला लागणं हे इतकं सर्रास घडतं, की ते पहिल्यांदा तपासावं.

आणखी एक सोपी खूण. मशीन चालू करून मिनिटभर थांबा आणि कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर आत मशीन चालतंय, विंडोजसुद्धा बहुधा आलेलं आहे, फक्त दिसत नाही. दिवा ढिम्म असेल तर सीपीयू उघडायला हवा.

उघडण्याआधी बटण बंद करून भागत नाही. प्लग भिंतीतून काढा, मग सीपीयूचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे बोर्डवर साठलेली वीज निघून जाईल. काम करताना मधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावत राहा, कारण कोरड्या दिवसांत अंगावरची स्थिर वीज चिप मारू शकते. दोन गोष्टी मात्र कधीही उघडायच्या नाहीत: एसएमपीएसचा डबा आणि जुना काचेच्या नळीचा मॉनिटर. आपल्या २३० व्होल्टच्या पुरवठ्यातून एसएमपीएसच्या आत ३०० हून जास्त व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात. नळीच्या मॉनिटरमध्ये तर ते वीस हजारांच्या पुढे जातात.

झाकण काढलं की आधी दिसते ती धूळ. आपल्याकडची धूळ साधी नव्हे. काळ्या मातीचा बारीक भुगा, त्यात कापसाच्या दिवसांतले तंतू, आणि ते दोन्ही मिळून प्रोसेसरच्या हीटसिंकच्या पत्र्यांमध्ये घट्ट थर बसवतात. पंखा वरून गरगर फिरताना दिसतो, पण हवा खाली जातच नाही. ब्लोअरने किंवा कोरड्या मऊ ब्रशने तो थर काढा. पंख्याला ब्लोअर मारताना त्याचं पातं बोटाने धरा, मोकाट फिरू दिलं तर पंखा खराब होतो. तोंडाने फुंकू नका, फुंकरीबरोबर थुंकी जाते.

यानंतर खरं काम, ते कानाचं. डिस्प्ले सुरू होण्याआधी काही अडलं तर ते सांगायला बायोसकडे पडदा नसतो. म्हणून या मशिनांना बीपचा आवाज दिलेला आहे. पूर्णा जंक्शनवर नोकरी केलेल्या जुन्या रेल्वेवाल्यांना हे लगेच उमजेल. गाडी थांबली की चाकावर हातोडी मारून नुसत्या आवाजावरून तडा ओळखणारी माणसं त्यांनी पाहिली आहेत. बीपचंही तसंच आहे. एक छोटा बीप म्हणजे बहुतेक बोर्डांवर सगळं ठीक. अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन छोटे बीप म्हणजे डिस्प्ले कार्डाची तक्रार, तर लांब बीप थांबून थांबून येतच राहिले तर रॅमची. इतर कंपन्यांचे संकेत वेगळे असतात, म्हणून बायोसच्या चिपवरचं नाव वाचून घ्यावं. अडचण अशी, की असेंबल केलेल्या कितीतरी कॅबिनेटमध्ये बझरच बसवलेला नसतो. बोर्डवर ‘स्पीकर’ असं लिहिलेल्या चार पिनांवर तो लागतो. अगदी स्वस्तात मिळणारी ही वस्तू जवळ नसल्यामुळे लोक अंदाजाने पार्ट बदलत बसतात, हे पाहून मला फार वाईट वाटतं.

रॅम हा सगळ्यांत जास्त वेळा सापडणारा गुन्हेगार. दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या क्लिपा बाहेर दाबल्या की पट्टी वर येते. तिच्या खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग असते, डीडीआर-टू असेल तर दोन्ही बाजू मिळून २४० दात. उजेडात तिरकी धरून पाहिली की काही दात पिवळे चकचकीत, काही मळकट तपकिरी दिसतात. एखाद्यावर बोटाचा ठसाही उमटलेला असतो. या मळामुळे वीज अडते. शिवाय परभणी जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो आणि मे महिन्यात चाळिशी ओलांडतो. दरवर्षीच्या या प्रसरण-आकुंचनाने पट्टी स्लॉटमध्ये केसभर सरकते. साधा पांढरा खोडरबर घ्या, दात टेबलाच्या कडेला टेकवून एकाच दिशेने हलकेच पुसा आणि भुगा ब्रशने झाडा. पॉलिश पेपर लावू नका, सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. पट्टी परत बसवताना खाच जुळवून दोन्ही टोकं दाबा, ‘खट’ असा आवाज दोनदा यायला हवा. पट्ट्या दोन असतील तर एका वेळी एकच लावा आणि दोन्ही स्लॉटमध्ये पाळीपाळीने लावून पाहा.

सीपीयू चादरीत गुंडाळून परभणीला किंवा नांदेडला रेल्वेने नेतात आणि दुकानात पोचल्यावर तो आपोआप चालू होतो, हा अनुभव अनेकांना आहे. ती जादू नव्हे. धक्क्यांनी सैल पट्टी जागेवर बसलेली असते. परतीच्या धक्क्यांनी ती पुन्हा सुटते.

तरीही डिस्प्ले नाही? मग रॅम पूर्ण काढा आणि बझर लावून मशीन चालू करा. ही चाचणी मला सगळ्यांत मोलाची वाटते. रॅमशिवाय मशिनने बीप देऊन ओरडायला हवं. ओरडलं तर बोर्ड, प्रोसेसर आणि एसएमपीएस हे तिन्ही बऱ्यापैकी शाबूत आहेत, आणि दोष रॅममध्ये किंवा डिस्प्ले कार्डात शोधायचा. गप्प राहिलं तर त्या तिघांपैकी एक बहुधा गेलेला आहे. एका मिनिटात निम्मी शोधाशोध वाचते.

गप्प राहणाऱ्या मशिनमध्ये आधी प्रोसेसरजवळचा चार पिनांचा छोटा चौकोनी कनेक्टर बघा. पिवळ्या-काळ्या तारांचा हा जोड प्रोसेसरला १२ व्होल्ट देतो. तो निघाला असेल तर पंखे फिरतात, दिवे लागतात, पण प्रोसेसर जागाच होत नाही. पंखा फिरतोय म्हणजे एसएमपीएस चांगला, ही समजूत खोटी आहे. मल्टीमीटरने चालू मशिनवर पिवळी आणि काळी तार मोजा, ११.४ ते १२.६ च्या बाहेर आकडा गेला तर एसएमपीएस बदला. त्याच्या मागे ११५-२३० असं लाल बटण असेल तर ते २३० वरच हवं. ११५ वर असताना प्लग लावला तर तो त्याच क्षणी उडतो.

बोर्डवरचा गोल सेल, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. तो संपला की बहुतेक वेळा तारीख मागे जाते आणि त्या चुकलेल्या तारखेमुळे फॉर्म भरायच्या वेबसाइट उघडत नाहीत. काही जुने बोर्ड मात्र मेलेल्या सेलवर डिस्प्लेच देत नाहीत. सेल बदला, आणि शेजारचा तीन पिनांवरचा जंपर, प्लग काढलेला असतानाच, दहा सेकंद दुसरीकडे लावून परत जागेवर आणा. बायोसची बिघडलेली सेटिंग त्याने पुसली जाते.

शेवटी प्रोसेसरभोवतीचे कॅपॅसिटर, म्हणजे छोट्या डब्यांसारखे उभे भाग, ज्यांच्या डोक्यावर फुलीसारखी खाच असते. डोकं सपाट असेल तर ठीक. फुगलं असेल किंवा तपकिरी रस सुकलेला दिसला तर तो गेला. २००० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या बोर्डांत सदोष रसायनामुळे हे जगभर झालं. उष्णता त्यात भर घालते: ठोकताळा असा, की दर दहा अंशांना कॅपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. २८ अंशांच्या खोलीत जो जितकं टिकेल, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंच तो ४३ अंशांच्या पत्र्याखालच्या दुकानात टिकेल. टीव्ही दुरुस्त करणारा चांगला कारागीर हे कॅपॅसिटर बदलून देतो. तेवढ्याच व्होल्टचे किंवा जास्तीचे, तेवढ्याच मायक्रोफॅरडचे आणि १०५ अंशांचे घ्या.

बोर्डच गेला असेल तर त्याच सॉकेटचा जुना बोर्ड शोधावा. प्रोसेसर त्यावर बहुधा चालेल, पण तो बोर्ड डीडीआर-थ्रीचा निघाला तर हातातली डीडीआर-टू रॅम चालणार नाही. दोघांच्या पिना तितक्याच, खाच वेगळ्या जागी. विकत घेण्याआधी आपली पट्टी खिशात घालून न्यावी आणि दुकानातच लावून पाहावी. जुना बोर्ड आणि त्याची रॅम मिळून खर्च पाच-सहा वर्षं वापरलेल्या अख्ख्या मशिनच्या जवळ जात असेल, तर माझं मत स्पष्ट आहे. ते मशीन घ्यावं आणि आपली हार्ड डिस्क सेकंडरी म्हणून त्यात जोडावी.

पुढच्या लेखांकात: लोगो येतो, विंडोज येत नाही.