चेंडू हळू आला, तरी बॅटर का चुकते?

सॉफ्टबॉलची नवी पिचर मैदानावर आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "स्पीड किती आहे?" शाळेच्या संघाची निवड असो नाहीतर विद्यापीठाची, कोचपासून पालकांपर्यंत सगळे हाच आकडा विचारतात. प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. डोळा आणि हात यांचा वेळेचा हिशोब कसा जुळतो, हा माझ्या पीएचडीचा विषय. त्या अभ्यासातून बघितलं तर पिचरचं खरं काम जोरात फेकणं एवढंच नाही. बॅटरचा वेळेचा अंदाज मोडणं, हे तिचं काम. ते कसं होतं, ते आज सोप्या गणितातून बघू. कॅल्क्युलेटर लागेल, बाकी काही नाही.

आधी खेळाची मापं

फास्टपिच सॉफ्टबॉलमध्ये पिचर हात चक्रासारखा फिरवून, कमरेजवळून, खालच्या हाताने चेंडू सोडते. चेंडूचा घेर १२ इंच. महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात पिचरच्या पट्टीपासून होम प्लेटपर्यंतचं अंतर ४३ फूट, म्हणजे साधारण १३.१ मीटर. पण पिचर लांब पाऊल टाकून पुढे येते, त्यामुळे चेंडू सुटतो तेव्हा तो प्लेटपासून जेमतेम ११.३ मीटरवर असतो.

आता ताशी १०५ किलोमीटरचा चेंडू घ्या. सेकंदाला तो सुमारे २९ मीटर जातो. हवेचा अडथळा सोडून दिला तर प्लेटपर्यंत यायला त्याला ०.३९ सेकंद लागतात. बेसबॉलमध्ये अंतर जास्त असतं, म्हणून तिथे एवढाच वेळ मिळायला चेंडू ताशी १५३ किलोमीटरच्या आसपास असावा लागतो. सॉफ्टबॉलला "सॉफ्ट" म्हणून हसणाऱ्यांना हा आकडा जरूर सांगा.

बॅटर बघून मारत नाही, ओळखून मारते

०.३९ सेकंदातले साधारण ०.१५ सेकंद बॅट फिरवण्यातच जातात. उरले ०.२४. डोळ्याने टिपलेलं मेंदूपर्यंत आणि तिथून स्नायूंपर्यंत पोचायलाही वेळ लागतो. म्हणजे चेंडू अर्ध्या वाटेवर यायच्या आतच "मारायचं की सोडायचं, आणि कधी" हे ठरलेलं असावं लागतं. शेवटच्या टप्प्यात बॅटरला काय दिसतं, याने फारसा फरक पडत नाही.

तसं शेवटी दिसतही नाही. टेरी बाहिल आणि टॉम लारिट्झ यांनी १९८४ मध्ये बेसबॉल बॅटरच्या नजरेवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या व्यावसायिक खेळाडूलाही चेंडूवर नजर ठेवता आली ती प्लेटच्या साधारण साडेपाच फूट अलीकडपर्यंतच. त्यापुढे चेंडू नजरेला मागे टाकून गेला. "शेवटपर्यंत चेंडूवर नजर ठेव" हा कोचचा सल्ला चांगला असेल, पण शब्दशः पाळता येत नाही.

मग बॅटर खेळते कशाच्या जोरावर? अंदाजाच्या. पिचरचा हात, चेंडू सुटण्याची जागा, आधीचे दोन-तीन चेंडू, चालू काउंट, हे सगळं एकत्र करून मेंदू "चेंडू अमुक वेळी अमुक जागी येईल" असं भाकीत करतो. सवय नसेल तर हे भाकीत कसं कोसळतं, ते २००४ मध्ये दिसलं. सॉफ्टबॉलची ऑलिम्पिक सुवर्णपदक विजेती पिचर जेनी फिंच हिने एका प्रदर्शनी सामन्यात अल्बर्ट पुहोल्स या बेसबॉलच्या दिग्गज फलंदाजाला स्ट्राइकआउट केलं. त्याची नजर किंवा ताकद कमी नव्हती. वरून येणाऱ्या चेंडूंवर वर्षानुवर्षं घडलेला त्याचा अंदाज, खालून येणाऱ्या चेंडूला उपयोगी पडला नाही.

चेंज-अप: हात तोच, वेळ वेगळी

आता त्याच पिचरने ताशी ८० किलोमीटरचा चेंडू टाकला, पण हात पूर्वीसारखाच जोरात फिरवला. हा चेंडू प्लेटवर पोचतो ०.५१ सेकंदांनी. फरक फक्त ०.१२ सेकंदाचा. पण बॅटरने वेगवान चेंडूचा अंदाज धरला असेल, तर तिची बॅट प्लेटवर येते तेव्हा चेंडू अजून अडीच मीटरहून जास्त लांब असतो!

शिवाय दुसरी गंमत बघा. जास्त वेळ हवेत म्हणजे गुरुत्वाकर्षणाला जास्त वेळ. ०.३९ सेकंदांत चेंडू गुरुत्वाकर्षणामुळे साधारण ७५ सेंटीमीटर खाली ओढला जातो, ०.५१ सेकंदांत जवळजवळ १३० सेंटीमीटर. दोन्ही चेंडू एकाच दिशेने सोडले, तरी हळू चेंडू अर्धा मीटर खाली येतो. म्हणजे नुसता वेग बदलला तरी जागाही आपोआप बदलते. बॅट लवकर येते, आणि वरून जाते.

हात न मंदावता चेंडू मंद करायचा कसा? चेंडू तळव्यात खोल धरून, बोटांच्या गाठी टेकवून किंवा मनगटाचा शेवटचा झटका काढून टाकून. पकड काहीही असो, अट एकच: पाऊल, खांदा आणि हाताचा वेग फास्टबॉलसारखाच दिसला पाहिजे. हात मंदावला की बॅटरला चिठ्ठी लिहून कळवल्यासारखंच झालं.

आपल्या क्रिकेटमधलं उदाहरण म्हणजे २०१८ ची मेलबर्न कसोटी. लंचच्या आधीचा शेवटचा चेंडू, समोर शॉन मार्श. मिड-ऑफवरून रोहित शर्माने हळू चेंडू टाकून बघ असं सुचवलं आणि बुमराहने हळू यॉर्कर टाकला. मार्श पायचीत. चेंडू हळू होता म्हणून नाही, तर जोरात येणार अशी त्याची खात्री होती म्हणून.

जागा बदलली तरी वेळ बदलते

आतापर्यंत वेगाचं बोललो. जागेचं गणितही शेवटी वेळेपाशीच येतं. अंगाजवळचा, आतला चेंडू नीट मारायचा तर बॅट त्याला प्लेटच्या पुढे गाठावी लागते. बाहेरचा चेंडू थोडा आत येऊ देऊन मारता येतो. समजा, आतला चेंडू ३० सेंटीमीटर पुढे आणि बाहेरचा ३० सेंटीमीटर मागे मारला. या ६० सेंटीमीटरसाठी चेंडूला सुमारे ०.०२ सेकंद लागतात. म्हणजे एकाच वेगाचे दोन चेंडू बॅटरला वेगवेगळ्या वेगाचे वाटतात. या उदाहरणात फरक ताशी पाच-सहा किलोमीटरचा पडतो. बेसबॉलमध्ये फलंदाजी शिकवणारे पेरी हसबंड यांनी याच कल्पनेवर आपली "परिणामी वेगा"ची मांडणी उभी केली.

म्हणून आत जोरात आणि मग बाहेर खाली चेंज-अप, ही जोडी इतकी त्रास देते. दोन्ही फरक एकाच बाजूला जमा होतात. उलट चेंज-अप आत आणि कमरेच्या उंचीवर पडला, तर पिचरने बॅटरला भेटच दिली म्हणायचं.

राइज बॉल आणि ड्रॉप बॉलचंही असंच. राइज बॉल उसळी घेऊन वर चढतो असं वाटतं. प्रत्यक्षात उलट्या फिरकीमुळे तो अपेक्षेपेक्षा कमी खाली येतो आणि बॅट त्याच्या खालून जाते. ड्रॉप बॉल अपेक्षेपेक्षा जास्त खाली येतो. दोन्हींत महत्त्वाचा शब्द "अपेक्षा" हाच.

पण किती बदल करायचा?

रॉब ग्रे यांनी २००२ मध्ये कॉलेजच्या बेसबॉल खेळाडूंना आभासी चेंडूंसमोर उभं करून हे तपासलं. वेग कसाही बदलत राहिला तेव्हा खेळाडूंची कामगिरी फारच वाईट झाली. फक्त "जलद" आणि "मंद" असे दोनच वेग ठेवल्यावर ती सुधारली. आणि लागोपाठ जलद चेंडू आल्यावर मंद चेंडू आला, की वेळेची चूक वाढली. म्हणजे आधीचे चेंडू हे पुढच्या फसवणुकीचं भांडवल असतं. सारखे चेंज-अप टाकले तर तोच नेहमीचा वेग होऊन बसतो. फसवायला आधी विश्वास बसवावा लागतो.

दुसरा धोका क्रम ओळखला जाण्याचा. केनेथ कोवाश आणि स्टीव्हन लेविट यांनी २००९ मध्ये मेजर लीग बेसबॉलमधल्या ३० लाखांहून जास्त पिच तपासल्या. पिचर फास्टबॉल गरजेपेक्षा जास्त टाकतात, आणि एक प्रकार टाकला की पुढच्या वेळी तो टाळण्याकडे त्यांचा कल असतो, असं त्यांना दिसलं. आपल्याला "मनाला येईल तसं" वागणं जमत नाही. आपण उगाच आलटून-पालटून करतो. "दोन स्ट्राइक झाले की चेंज-अप" ही सवय समोरच्या डगआउटमध्ये दुसऱ्या इनिंगलाच कळते. कधीतरी लागोपाठ दोन चेंज-अप टाकायला धीर लागतो, पण हिशोबाने ते बरोबर असतं.

मैदानावर याचा उपयोग काय?

एक सोपी चाचणी सांगते. कॅचरच्या मागे, जाळीपलीकडे मोबाइल ठेवून पिचरचे फास्टबॉल आणि चेंज-अप मिसळून चित्रित करा. चेंडू हातातून सुटताक्षणी व्हिडिओ थांबवा आणि संघातल्या मुलींना विचारा, "कुठला होता?" निम्म्याच्या आसपास उत्तरं बरोबर आली, तर त्या नुसत्या अंदाजाने सांगताहेत, तुमचा चेंज-अप लपलेला आहे. दहापैकी नऊ बरोबर आली, तर वेगाचा फरक कितीही असो, हाताने गुपित फोडलंय.

हे सगळं लिहिण्यामागचं कारणही सांगते. वेग बराचसा उंचीवर, ताकदीवर आणि वयावर अवलंबून असतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला "स्पीड नाही, जमणार नाही" म्हटलं, की एक तर ती खेळ सोडते, नाहीतर खांद्याला झेपणार नाही एवढा जोर लावत बसते. कॅट ऑस्टरमन कधीच सर्वांत वेगवान पिचर म्हणून ओळखली गेली नाही; तिची ओळख चेंडूच्या वळणाची आणि अचूकतेची. टेक्सास विद्यापीठाकडून तिने २,२६५ स्ट्राइकआउट घेतले आणि वयाच्या ३८व्या वर्षी टोकियो ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेसाठी रौप्यपदक मिळवलं.

तेव्हा पुढच्या निवड चाचणीला स्पीड जरूर विचारा. पण त्यासोबत आणखी दोन प्रश्न विचारा: हिच्या दोन चेंडूंत वेळेचा फरक किती पडतो, आणि तो फरक बॅटरला कधी कळतो? या दोन्ही गोष्टी सरावाने वाढवता येतात. त्यासाठी अंगापिंडाने थोराड असावं लागत नाही.