विश्लेषण : खोलीत एक कॉट, फोनमध्ये शेकडो पीडीएफ! सदाशिव पेठेतल्या परीक्षार्थींनी हा पसारा कसा आवरावा?

सदाशिव पेठेत 'कॉट बेसिस'वर राहणाऱ्या स्पर्धा परीक्षार्थींना कमी वस्तूंत कसे राहावे, हे शिकवावे लागत नाही. खोलीत एक कॉट, कॉटखाली बॅग आणि अभ्यासिकेत एक खुर्ची, एवढाच संसार. फोनचे मात्र उलटे आहे. टेलिग्रामचे चॅनेल, टॉपर्सच्या नोट्स, चालू घडामोडींच्या पीडीएफ, न पाहिलेली लेक्चर्स. हा पसारा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आवरलाही जात नाही.

आताच आवरायची गरज का?

एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली आहे. ९ पेपर, लेखी परीक्षेला १७५० आणि मुलाखतीला २७५ गुण. पर्याय निवडण्याऐवजी आता उत्तर लिहायचे आहे. त्यासाठी एकच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचणे आणि रोज लिहिणे उपयोगी पडते. पीडीएफ डाउनलोड केली की अभ्यास झाल्यासारखे वाटते, पण उजळणीला तेवढाच ढीग वाढतो.

फोन नुसता जवळ असला तर?

अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सुमारे ८०० जणांवर प्रयोग केले. ज्यांचा फोन दुसऱ्या खोलीत होता, त्यांची कामगिरी फोन टेबलावर ठेवणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत हा परिणाम तितका ठळक दिसला नाही. तरी फोन दूर ठेवून पाहायला खर्च काहीच नाही.

काय करता येईल?

- मुख्य परीक्षेच्या जुन्या, बहुपर्यायी पॅटर्नचे साहित्य आधी काढा. पूर्व परीक्षेचे वेगळे ठेवा.
- एका विषयाला एकच मुख्य पुस्तक आणि एकच नोट्स.
- टेलिग्राम व व्हॉट्सॲपमधील ऑटो-डाउनलोड बंद करा.
- नको असलेल्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडा. आता त्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते.
- आयोगाच्या सूचना पाहण्याची दिवसातील एक वेळ ठरवा, म्हणजे काही निसटण्याची धास्ती राहणार नाही.

एकट्याने जमत नसेल तर?

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये सर्वांसाठी एकच नियम केला. सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजला की टीव्ही-मोबाइल बंद, साडेआठला पुन्हा सुरू. करोनाकाळातील ऑनलाइन वर्गांनंतर मुलांच्या हातून फोन सुटत नव्हता, हे त्यामागचे कारण. सरपंच विजय मोहिते आणि गावकऱ्यांनी हे ग्रामसभेत ठरवले. सगळ्यांचेच फोन बंद असल्याने आपले काही चुकतेय, असे कुणाला वाटत नाही.

अभ्यासिकेला भोंगा लागत नाही. एका खोलीतल्या चौघांनी दीड तास ठरवला आणि चारही फोन एका पिशवीत घालून कपाटात ठेवले, तरी सुरुवात होते.