बरोबर उत्तर लिहू की खरं?



'शालेय विद्यार्थ्यांसाठी इंटरनेटच्या सुरक्षित व जबाबदार वापराविषयीच्या कार्यक्रमाची परिणामकारकता' असा किंवा याच्या जवळपासचा विषय तुमच्यापैकी काहींनी मनात धरला असेल. विषय गरजेचा आहे आणि आराखडाही सोपा वाटतो. पूर्वचाचणी घ्यायची, दहा तासिका शिकवायचं, उत्तरचाचणी घ्यायची आणि दोन्ही सरासरींमधला फरक 'टी' चाचणीने तपासायचा. फरक सार्थ आला की कार्यक्रम परिणामकारक!

मीही असाच आराखडा केला होता. पथदर्शी अभ्यासासाठी सातवीच्या एका वर्गात प्रश्नावली वाटली. 'तुम्ही तुमचा पासवर्ड मित्र-मैत्रिणींना सांगता का?' या प्रश्नावर एक मुलगी अडली. हात वर करून तिने विचारलं, "मॅडम, बरोबर उत्तर लिहू की खरं?"

माझी प्रश्नावली तिथेच निकालात निघाली.

पासवर्ड सांगू नये, ओटीपी देऊ नये, अनोळखी लिंक उघडू नये हे मुलांना कार्यक्रमाआधीच माहीत असतं. मग उत्तरचाचणीत गुण कशाचे वाढतात? बऱ्याचदा 'मॅडमना काय हवंय' हे कळल्याचे. माहिती, अभिवृत्ती आणि वर्तन ही तीन वेगळी चले आहेत. शीर्षकात 'वापर' म्हणजे वर्तन लिहायचं आणि साधनाने मोजायची माहिती, ही चूक आपल्याकडे सर्रास होते.

मग करायचं काय? शक्य तिथे प्रश्न विचारण्याऐवजी काम द्यायचं. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास यासाठी जरूर वाचा. 3,446 शालेय विद्यार्थ्यांना त्यांनी फेसबुकवरची एक निनावी चित्रफीत दाखवली. त्यात मतदानात घोटाळा होताना दिसत होता आणि तो 2016 च्या अमेरिकी निवडणुकीतला असल्याचा दावा होता. मुलांच्या हाताशी इंटरनेट होतं, शोधायला मोकळीक होती. तरी 52 टक्के मुलांना तो भक्कम पुरावा वाटला. चित्रफीत मुळात रशियातली आहे, हे शोधून काढणारे निघाले फक्त तीन जण. 'इंटरनेटवरची माहिती तपासून घ्यावी का?' असं विचारलं असतं, तर यातल्या किती जणांनी 'नाही' लिहिलं असतं?

आपल्या वर्गातही असं काम देता येतं. उदाहरणार्थ, कागदावर हा मेसेज छापा: 'मी तुझा मावसभाऊ. माझा सहा अंकी कोड चुकून तुझ्या फोनवर आलाय. पटकन पाठव ना.' खाली फक्त दोन प्रश्न ठेवा: आता तू काय करशील? हा मेसेज त्यानेच पाठवलाय हे कसं ठरवशील? दुसऱ्या प्रश्नाला घोकलेलं उत्तर पुरत नाही. 'मी त्याला फोन करून विचारेन' असं जे मूल लिहितं, त्याला पुढची पायरी सुचली आहे. अर्थात हेही प्रत्यक्ष वर्तन नव्हे, पण 'होय/नाही'पेक्षा त्याच्या बरंच जवळ जातं. मात्र खरेपणाच्या मोहात पडून मुलांच्या किंवा पालकांच्या फोनवर खोट्या लिंक पाठवू नका. जी फसवणूक टाळायला शिकवायची, तीच आपण मुलांशी कशी करायची?

आराखड्यात आणखी दोन गोष्टी हव्यात. नियंत्रित गट शक्यतो दुसऱ्या शाळेतला घ्या, कारण 'अ' तुकडीत शिकवलेलं मधल्या सुट्टीत 'ब' तुकडीत पोचतं. आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा एकदा चाचणी घ्या. तासिका संपल्यावर लगेच आठवतं ते स्मरण. टिकतं ते शिक्षण.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. समजा 'ऑनलाइन कोणी तुला त्रास दिला आहे का?' या प्रश्नाला एखाद्या मुलाने खरं उत्तर लिहिलं, तर? आपण संमतिपत्रात सवयीने लिहितो, 'सर्व माहिती गोपनीय राहील.' पण लैंगिक अत्याचाराची बाब असेल, तर 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. यातून संशोधकाला सूट नाही. म्हणजे आपण पाळू शकणार नाही असं वचन मुलाला देतोय. म्हणून गोपनीयतेची मर्यादा पालकांच्या संमतिपत्रात लिहाच, आणि मुलांनाही सोप्या शब्दांत आधी सांगा. असं काही समोर आलं तर मुलाशी कोण बोलणार, हे शाळेबरोबर बसून आधीच ठरवा. 1098 ही चाइल्ड हेल्पलाइन प्रत्येक मुलाच्या वहीत लिहून द्या.

मुलं गप्प का राहतात, याचं एक साधं कारण मला वर्गात ऐकायला मिळालं: घरी सांगितलं तर फोन काढून घेतील. त्यामुळे 'अडचण आली तर तू कोणाला सांगशील, आणि का?' हा प्रश्न माझ्या नव्या साधनात मी सर्वांत वर ठेवलाय. कार्यक्रमानंतर या उत्तरात एखाद्या मोठ्या माणसाची भर पडली, तर माझ्या लेखी तो खरा परिणाम.

तुमची प्रश्नावली गाइडकडे पाठवण्याआधी एवढंच करा. प्रत्येक प्रश्नाशी थांबा आणि त्या मुलीच्या जागी बसून विचारा: इथे बरोबर उत्तर आणि खरं उत्तर वेगळं असू शकतं का? असेल, तर तो प्रश्न पुन्हा लिहा.