गळ्याला नळी, पण कधी?

रुग्ण व्हेंटिलेटरवर जाऊन आठवडा उलटला की डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन ट्रॅकिऑस्टॉमीचं विचारतात. 'गळ्याला भोक पाडणार' एवढंच कानावर पडतं आणि घरच्यांचा धीर सुटतो. प्रत्यक्षात तोंडातली लांब नळी काढून श्वासनलिकेत थेट एक आखूड नळी घालायची असते. रुग्ण सावरला की ती काढतात, आणि छिद्र बहुधा आपोआप बुजतं.

कोपनहेगनमध्ये १९५२ साली पोलिओची साथ आली, तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी गळ्यातल्या नळीला रबरी फुगा जोडला. वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस तो दाबत बसले. अतिदक्षता विभागाची सुरुवात तिथली. १९८५ मध्ये अमेरिकेत सिआग्लिया यांनी सुई, तार आणि छिद्र रुंदावत नेणारी साधनं वापरून हे काम खाटेवरच करायची रीत दाखवली. काम सोपं झालं, तसा ते लवकर उरकण्याचा मोहही वाढला.

या घाईला २००४ मध्ये आधारही मिळाला. १२० रुग्णांच्या एका अमेरिकी अभ्यासात पहिल्या दोन दिवसांत नळी घातलेल्यांचे मृत्यू जवळपास निम्मे दिसले. पण ब्रिटनच्या ट्रॅकमॅन चाचणीने (२०१३) हे चित्र पुसलं. ९०९ रुग्णांपैकी काहींना चार दिवसांच्या आत, तर बाकीच्यांना दहा दिवसांनंतर, तेही गरज उरलीच तर, नळी घालायची असं ठरलं होतं. तीस दिवसांतले मृत्यू अनुक्रमे ३०.८ आणि ३१.५ टक्के, म्हणजे सारखेच. गुंगीची औषधं मात्र लवकरच्या गटाला कमी लागली.

मला सर्वांत बोलका वाटतो तो याच चाचणीतला आणखी एक आकडा. थांबलेल्या गटात जेमतेम ४५ टक्क्यांना नळी घालावी लागली. कोण दीर्घकाळ व्हेंटिलेटरवर राहणार, हे अनुभवी डॉक्टरांनाही चौथ्या दिवशी ओळखता येत नाही. पक्षाघाताच्या गंभीर रुग्णांवरच्या सेटपॉइंट-२ चाचणीतही (२०२२) घाईचा फायदा दिसला नाही.

काही आजारांत अंदाज बराच नेमका बांधता येतो. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात ज्याची साथ आली, तो गियाँ-बारे हा त्यातला एक. आठवड्यानंतरही रुग्णाला हात गादीवरून उचलता येत नसेल आणि नसांच्या तपासणीत प्रतिसाद मिळत नसेल, तर व्हेंटिलेटरचा मुक्काम लांबणार असं समजावं. मानेच्या वरच्या मणक्याची गंभीर इजाही तशीच. तिथे वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

एरवी दहा दिवसांच्या आसपास थांबणं हा हलगर्जीपणा नव्हे. उगाच ताणून धरण्यातही शहाणपण नाही, कारण तोंडातल्या नळीने घशाला इजा होते आणि गुंगीही चालू ठेवावी लागते. तेव्हा संमतिपत्रावर सही करण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी जरूर विचारा: व्हेंटिलेटरच्या आधाराशिवाय श्वास घेऊन पाहण्याची चाचणी झाली का, ती का फसली, आणि आणखी किती दिवस लागतील असं त्यांना वाटतं?