भट्टीचे नवे अस्तर

लोहाराची भट्टी म्हटली की कोळसा, भाता आणि उडणाऱ्या ठिणग्या हेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु आता सुऱ्या, कोयते, अवजारे घडविणारे कित्येक कारागीर प्रोपेन वायूची भट्टी वापरतात. तिला भाता नाही, राख नाही. एक पोलादी नळकांडे, त्यात शिरणारा बर्नर आणि आतले अस्तर, एवढाच तिचा संसार. या तिहींत डोळ्यांआड राहते ते अस्तर; आणि भट्टीचे आयुष्य अवलंबून असते ते त्याच्यावरच.

हे अस्तर दुहेरी असते. पोलादाला लागून सिरॅमिक तंतूंच्या घोंगडीचे, प्रत्येकी २५ मिलिमीटर जाडीचे दोन थर. आणि त्यांवर सुमारे १२ मिलिमीटर जाडीचा उच्चतापसह काँक्रीटचा, म्हणजे कॅस्टेबलचा, गिलावा. घोंगडी उष्णता अडविते, पण ती नाजूक असते. लोखंडाला लोखंड जोडताना टाकणखार वापरतात. तो सुमारे ७४३ अंश सेल्सिअसलाच वितळतो, आणि जोडकामाला भट्टी तर १२०० अंशांच्याही वर न्यावी लागते. असा पातळ झालेला टाकणखार उघड्या घोंगडीवर ठिबकला की ती साखरेसारखी विरघळू लागते. गिलावा हा मारा सोसतो. तथापि कालांतराने त्यालाही भेगा पडतात, पोपडे सुटतात आणि नवे अस्तर घालण्याची वेळ येते.

जुने अस्तर काढणे हेच पहिले धोक्याचे काम होय. हे तंतू १००० अंशांच्या आसपास दीर्घकाळ तापले की त्यांत क्रिस्टोबलाइट नावाची स्फटिकी सिलिका तयार होते. तिची धूळ श्वासावाटे आत गेल्यास फुप्फुसे निकामी होतात, कर्करोगही संभवतो. म्हणून अस्तर आधी पाण्याने चांगले भिजवावे, नाकातोंडावर सूक्ष्म धूळ अडविणारा मुखवटा असावा, आणि कोरडा झाडू मुळीच फिरवू नये.

नव्या घोंगडीवर सिलिकेचे सूक्ष्म कण असलेले द्रावण फवारतात. ते वाळले म्हणजे तंतू ताठ होतात व हवेत उडत नाहीत. गिलाव्यापूर्वी पृष्ठभाग पुन्हा ओलसर करावा; कोरडी घोंगडी मिश्रणातले पाणी शोषून घेते आणि गिलावा कच्चा राहतो.

येथून पुढची सारी कथा पाण्याची आहे. कॅस्टेबलमध्ये पिशवीवर दिलेल्या मापानेच पाणी घालावे. मिश्रणाचा मुठीएवढा गोळा वीतभर उंच उडवून झेलावा. तो फुटला तर पाणी कमी, बोटांतून ओघळला तर जास्त. जादा पाणी उडून गेल्यावर मागे छिद्रे राहतात आणि गिलावा ठिसूळ होतो. हे मिश्रण अल्कधर्मी असल्याने हातमोजे घालूनच ते थापावे. त्यातील सिमेंट वाळून नव्हे, तर पाण्याशी संयोग पावून घट्ट होते. म्हणून थापून झाल्यावर निदान २४ तास ते ओल्या फडक्याखाली ठेवावे.

त्यानंतर मात्र तेच पाणी शत्रू ठरते. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १६०० पट जागा मागते. वाट मिळाली नाही तर ती गिलावा फोडून बाहेर पडते, आणि तापलेले तुकडे समोर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर येतात. बेळगावसारख्या ओतकामाच्या केंद्रांत वितळलेले लोखंड घेण्यापूर्वी पात्र कोरडे करून तापवितात, ते याच भयामुळे. म्हणून भट्टी एकदोन दिवस हवेशीर जागी वाळवावी. मग आत तारेचा विजेचा दिवा काही तास पेटता ठेवावा. आणि शेवटी बर्नर दोनचार मिनिटेच पेटवून पुन्हा निववावा, असे अनेक वेळा करावे. बर्नर बंद केल्यावर तोंडाशी थंड पत्रा धरावा. त्यावर दव धरले तर ओल शिल्लक आहे. बर्नर चालू असताना ही परीक्षा व्यर्थ, कारण प्रोपेनच्या ज्वलनातूनही वाफ निघते.

हे सारे उघड्या जागी वा दारेखिडक्या सताड उघडून करावे. प्रोपेन हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचतो. आणि अपुऱ्या हवेत जळला तर गंधहीन, प्राणघातक कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो.

लोखंड तापले असताना क्षणाचाही विलंब लोहाराला परवडत नाही. परंतु ज्या घरात ते लोखंड तापावयाचे, ते घर मात्र चार दिवसांची सबुरी मागते.