मोजकी जनुकं, अगणित प्रतिपिंडं

गोवर एकदा येऊन गेला की त्या मुलाला तो सहसा पुन्हा होत नाही, हे आपल्या आजीलाही ठाऊक होतं. का होत नाही, तर त्याच्या रक्तात गोवराच्या विषाणूला नेमकं ओळखणारी प्रथिनं तयार झालेली असतात. त्यांना प्रतिपिंडं म्हणतात. गोवराची प्रतिपिंडं कांजिण्यांच्या कामाची नाहीत आणि कांजिण्यांची गोवराच्या. जसं कुलूप, तशी किल्ली. इथवर सगळं सोपं आहे. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत कार्ल लँडस्टायनर (रक्तगट शोधून काढणारे, तेच हे) यांनी एक वेगळा उद्योग केला. निसर्गात कुठेच न सापडणारी, प्रयोगशाळेत घडवलेली रसायनं त्यांनी प्रथिनाला जोडून प्राण्यांना टोचली. प्राण्यांनी त्या रसायनांविरुद्धही नेमकी प्रतिपिंडं तयार केली! जे कुलूप जगात नव्हतंच, त्याची किल्ली शरीराकडे आली कुठून?

जनुकांची माहिती होत गेली तसा हा प्रश्न सुटण्याऐवजी आणखी अवघड झाला. कारण प्रथिन म्हटलं की त्याचा आराखडा जनुकात असणार. एका प्रथिनसाखळीला एक जनुक, असा हिशेब तेव्हा धरला जाई. माणसाचं शरीर लाखो, कोट्यवधी प्रकारची प्रतिपिंडं बनवू शकतं आणि प्रथिनं बनवणारी आपली सगळी जनुकं मोजली तरी ती भरतात वीस हजारांच्या आसपास. त्यातून हृदय, मेंदू, यकृत, सगळंच चालवायचं. मग प्रतिपिंडांना उरणार किती?

शास्त्रज्ञांत दोन तट पडले. एक म्हणे, लागतील तेवढी जनुकं आईबापांकडूनच येतात. दुसरा म्हणे, वारशात थोडीच येतात, पुढे पेशींमध्ये बदल होऊन त्यांची विविधता वाढते. १९६५मध्ये ड्रायर आणि बेनेट या अमेरिकन शास्त्रज्ञांनी तिसरंच काही सुचवलं. प्रतिपिंडाच्या साखळीचा एक भाग प्रत्येक प्रतिपिंडात वेगळा असतो, तर उरलेला भाग जवळपास सारखाच. तेव्हा या दोन भागांची जनुकं मुळात वेगवेगळी असावीत आणि पेशीत ती नंतर जोडली जात असावीत. फार थोड्यांना हे पटलं. शरीरातल्या सगळ्या पेशींचा डीएनए एकसारखा असतो, हे तर पाठ्यपुस्तकात लिहिलेलं होतं. पेशी आपलाच डीएनए कापून जोडते, हे कसं मानायचं?

या प्रश्नाचा निकाल ज्यांनी लावला, ते सुसुमु तोनेगावा मुळात प्रतिकारशास्त्राचे नव्हतेच. जन्म १९३९चा, जपानमधल्या नागोयाचा. क्योटो विद्यापीठात ते रसायनशास्त्र शिकले. शेवटच्या वर्षात फ्रान्सच्या जेकब आणि मोनो यांचे जनुकांच्या नियंत्रणावरचे निबंध वाचनात आले आणि त्यांचं मन रेणूजीवशास्त्राकडे वळलं. त्या काळी या विषयाच्या शिक्षणाची जपानमध्ये पुरेशी सोय नव्हती, म्हणून ते कॅलिफोर्नियात गेले. १९६८मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि सॉल्क संस्थेत रेनातो डुल्बेको यांच्याकडे विषाणूंवर काम सुरू केलं. घडी छान बसत होती, पण व्हिसाची मुदत १९७०च्या अखेरीस संपत होती. फुलब्राइट अनुदानावर आलेल्यांना नंतर दोन वर्षं अमेरिकेबाहेर काढावी लागत. डुल्बेको यांनी पत्र लिहून सुचवलं, स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला प्रतिकारशास्त्राची नवी संस्था निघाली आहे, तिथे बघ. १९७१च्या आरंभी तोनेगावा बाझेलला पोहोचले, ते प्रतिकारशास्त्राचं कसलंही शिक्षण न घेता. नील्स येर्ने यांच्या त्या संस्थेत बाकी सगळे पेशी आणि उंदीर यांच्यात मग्न. डीएनए हाताळणारा माणूस विरळाच. मला वाटतं, पुढचं सगळं त्यामुळेच घडलं. व्हिसाच्या नियमांनी विज्ञानाची अशी सेवा क्वचितच केली असेल.

मित्रहो, तो प्रयोग जरा सावकाश पाहू. तोनेगावा आणि नोबुमिची होझुमी यांनी उंदराचा दोन प्रकारचा डीएनए घेतला. एक गर्भातल्या उंदराचा. त्याच्या पेशींनी प्रतिपिंडं बनवायला अजून सुरुवातच केलेली नव्हती, म्हणजे जनुकं वारशाने आली तशीच असणार. दुसरा डीएनए प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींच्या गाठीचा. ही गाठ एकाच पेशीपासून वाढलेली असल्याने तिच्यातली प्रत्येक पेशी एकच प्रतिपिंड बनवते. दोन्ही डीएनए एकाच विकराने कापले. हे विकर म्हणजे ठरावीक अक्षरं दिसली की तिथेच चालणारी कात्री. मग तुकडे अगारोजच्या लादीत घालून विद्युतप्रवाह सोडला. लहान तुकडे पुढे सरकतात, मोठे मागे राहतात. खरवसाच्या वड्या पाडाव्यात तशा त्या लादीच्या चकत्या केल्या, प्रत्येक चकतीतला डीएनए वेगळा काढला आणि प्रतिपिंडाच्या हलक्या साखळीच्या किरणोत्सारी आरएनएने तपासला. तो आरएनए जिथे चिकटेल, तिथे जनुक.

गर्भाच्या डीएनएत बदलत्या भागाचं जनुक एका तुकड्यात सापडलं आणि स्थिर भागाचं दुसऱ्या तुकड्यात. गाठीच्या डीएनएत दोन्ही एकाच तुकड्यात, आणि तो तुकडा तिसऱ्याच लांबीचा. म्हणजे उंदीर वाढत असताना त्या पेशीने मधला डीएनए काढून टाकून दोन दूरची जनुकं जवळ आणली होती. १९७६मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि ड्रायर-बेनेट यांची कल्पना खरी ठरली.

पुढच्या दोन-चार वर्षांत चित्र भरत गेलं. १९७८मध्ये क्रिस्टीन ब्रॅक यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ही जोडणी दाखवली. मग कळलं की बदलता भागही अखंड नसतो. जड साखळीत त्याचे व्ही, डी आणि जे असे तीन तुकडे असतात, हलक्या साखळीत व्ही आणि जे हे दोन. थोडी व्यंजनं आणि थोडे स्वर घेऊन बाराखडी केवढी मोठी होते, ते आठवा. माणसात जड साखळीसाठी कामाचे व्ही सुमारे ४०, डी २३ आणि जे ६. यांचा गुणाकार साडेपाच हजार. हलक्या साखळीच्या जोड्या तीनशेच्या वर. कोणतीही जड साखळी कोणत्याही हलक्या साखळीशी जुळू शकते असं धरलं, तर दीडशेच्या आसपास तुकड्यांतून १६ लाखांवर प्रतिपिंडं होतात. शिवाय सांध्यावर पेशी मनाला येईल तशी अक्षरं घालते किंवा गाळते, आणि संसर्गानंतर जनुकांत आणखी बदल करते. तेव्हा गुणाकार मोजण्यापलीकडे जातो. लँडस्टायनर यांच्या रसायनाची किल्ली आधी घडवलेली नव्हती. असंख्य किल्ल्यांच्या ढिगात एखादी लागली, एवढंच. आणि हो, भांडणारे दोन्ही तट थोडेथोडे बरोबर होते.

१९८७मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार तोनेगावा, लेरॉय हूड आणि फिलिप लेडर या तिघांत वाटला गेला. त्याच वर्षीचं नोबेल मात्र तोनेगावा यांना एकट्याला मिळालं. वैद्यकातलं नोबेल मिळवणारे ते पहिले जपानी. तोवर ते अमेरिकेत एमआयटीमध्ये रुजू झाले होते आणि टी पेशींच्या ग्राहकांची जनुकं शोधत होते. पुढे त्यांनी हा विषयच सोडला आणि मेंदूकडे वळले. २०१२मध्ये त्यांच्या गटाने उंदराच्या मेंदूतल्या मोजक्या पेशी प्रकाशाने चेतवून भीतीची जुनी आठवण जागी करून दाखवली. पन्नाशीत नवा विषय धरायचा, तोही नोबेलनंतर, हे धाडस मला त्यांच्या पहिल्या शोधाइतकंच मोठं वाटतं.

जनुकांची ही कापाकापी करणारी दोन विकरं, रॅग-१ आणि रॅग-२, डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेत १९८९ आणि १९९०मध्ये सापडली. ज्या बाळांत ती जन्मतःच काम करत नाहीत, त्यांच्यात बी आणि टी या दोन्ही पेशी तयार होत नाहीत आणि साधा संसर्गही जिवावर बेततो. कधी कात्री चुकीच्या जागी चालते आणि लसिकापेशींचा कर्करोग सुरू होतो. पण कापाकापीचा एक उपयोगही आहे. लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग अशाच एका पेशीपासून वाढतो, म्हणून त्याच्या सगळ्या पेशींत व्ही-डी-जेचा एकच, दुसरीकडे सहसा न आढळणारा सांधा असतो. औषधोपचारानंतर सूक्ष्मदर्शकाखाली अस्थिमज्जा स्वच्छ दिसली, तरी हा सांधा शोधून डॉक्टर दहा हजारांत, कधी लाखात एक उरलेली रोगट पेशीही हुडकू शकतात, आणि पुढची औषधं वाढवायची की कमी करायची ते ठरवतात.