हिमशिखरावरील पाऊल

मनुष्याच्या पराक्रमाचे वर्णन करताना आपण त्याच्या छातीचे, बाहूंचे आणि बुद्धीचे कौतुक करतो. पायांची आठवण क्वचितच होते. वस्तुतः कोणत्याही शिखरावर माणसाला नेऊन पोहोचवितात ते त्याचे पायच. पर्वतारोहणाच्या इतिहासाची पाने चाळली असता आम्हांस असे आढळून आले की, उंच हिमशिखरांवर व ध्रुवप्रदेशांत धैर्य असलेल्या, सामर्थ्य असलेल्या माणसांचाही घात पुष्कळदा पायांच्या बोटांनी केला आहे. थंडीने बोटे गोठतात, काळी पडतात व अखेर शस्त्रक्रियेने काढून टाकावी लागतात. या व्याधीला हिमदंश असे म्हणतात. हिमदंशापासून पाय कसे वाचवावेत, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसला तरी त्यापायी अनेकांनी आपले पाय आणि काहींनी आपले प्राण गमावले आहेत.

बालाघाट जिल्ह्यातील उकव्यास राहून बर्फाच्या गोष्टी कशाला, असे कोणी विचारील. परंतु हा विषय आपल्याला अगदीच परका नाही. मैकल डोंगराच्या या उंच भागात पौषातली थंडी कशी असते, हे पहाटे शाळेची वाट चालणाऱ्यांना सांगावयास नको. शेजारच्या कान्हाच्या कुरणांवर तर कडाक्याच्या थंडीत गवतावरचे दव गोठून पांढरे पडते. शिवाय हिमशिखरे आता आपल्या माणसांनाही अनोळखी राहिलेली नाहीत. मे १९९८ मध्ये पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले. मे २०१२ मध्ये पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेच्या मोहिमेतील आठ गिर्यारोहकांनी, उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली, तेच शिखर गाठले. आपल्याच मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातील तामियाच्या भावना डेहरिया यांनी २२ मे २०१९ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर पाऊल ठेवले. पुण्याच्या शीतल महाजन यांनी तर २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर आणि २००६ मध्ये दक्षिण ध्रुवाच्या प्रदेशात विमानातून हवाई छत्रीने उडी घेतली. उद्या या शाळेतून कोणी त्या वाटेस लागणार नाही, असे कोणी सांगावे?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. बूट व मोजे पायांना ऊब देतात, असे आपण म्हणतो. पण बुटात ऊब मुळीच नसते. भुशात पुरलेली बर्फाची लादी उन्हाळ्यातही बराच वेळ टिकते, हे आपण पाहतो. भुसा बर्फाला थंड करीत नाही. तो बाहेरची उष्णता आत जाऊ देत नाही, इतकेच. तद्वत् लोकरीचा मोजा आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. मग ती उष्णता येते कोठून? ती आपण खाल्लेल्या अन्नापासून शरीरात निर्माण होते आणि रक्ताबरोबर पायांपर्यंत पोहोचते. पायांची शेगडी पोटात आहे व तिची ऊब वाहून नेणारे पाट म्हणजे आपल्या रक्तवाहिन्या होत.

आता शरीराची काटकसर पाहा. थंडी वाढू लागली की हृदय, फुफ्फुसे, मेंदू या मुख्य अवयवांचे रक्षण करण्यासाठी शरीर हातापायांकडील रक्तवाहिन्या आकुंचित करते. दुष्काळात शहाणा शेतकरी बांधावरच्या झाडांचे पाणी तोडून मळा जगवितो, तसाच हा प्रकार होय. मात्र शरीर अगदी निर्दयही नसते. थंडीत ठेवलेल्या बोटांच्या रक्तवाहिन्या मधून मधून आपोआप उघडतात, बोटांना थोडी ऊब देतात व पुन्हा मिटतात, असे डॉ. टॉमस लुईस यांनी १९३० साली दाखवून दिले. परंतु सर्व शरीरच गारठले असेल, तर ही दयाही आटते. त्वचेचे तापमान सुमारे १० अंश सेल्सियसपर्यंत उतरले की स्पर्श कळेनासा होतो, आणि शून्याच्या किंचित खाली गेले की पेशी गोठू लागतात. पाय दुखत असतात तोवर ते जिवंत असल्याची ग्वाही देत असतात. दुखणे एकाएकी थांबले, तर गिर्यारोहकाने आनंद मानू नये. तेथेच थांबून पाय पाहावेत.

उंचीवर या संकटात आणखी भर पडते. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या केवळ एक तृतीयांश असतो. प्राणवायू कमी मिळाल्याने शरीराची शेगडी मंद जळते. जोरजोराने घेतलेल्या श्वासाबरोबर शरीरातील पाणी निघून जाते व रक्त दाट होते. भूक मरते, तहान कळत नाही. यास्तव अनुभवी लोक पाय उबदार ठेवण्याचा पहिला उपाय म्हणून पोटभर खा, पुष्कळ पाणी प्या आणि तंबाखूला शिवू नका, असे सांगतात. कारण तंबाखूने रक्तवाहिन्या अधिकच आकुंचित होतात. डोके व धड नीट झाकलेले असले, तरच पायांच्या वाट्याला रक्त येते.

रक्ताने आणलेली ऊब राखावयाची, तर पायांच्या तीन शत्रूंशी सामना द्यावा लागतो. पहिला शत्रू ओल. पाणी हे स्थिर हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. ही ओल बाहेरच्या बर्फाची असते, तशीच आतल्या घामाचीही असते. दिवसभर चालून मोजे घामाने भिजतात आणि मुक्काम पडताच तोच घाम गोठू लागतो. दुसरा शत्रू घट्टपणा. ऊब राहावी म्हणून एकावर एक तीन मोजे कोंबले, तर रक्ताची वाट बंद होते, आणि लोकरीच्या तंतूंमध्ये अडकून राहणारी, खरे रक्षण करणारी हवाही दाबून निघून जाते. तिसरा शत्रू पायाखालची जमीन व धातू. बर्फावर पाय घसरू नये म्हणून बुटांच्या तळाशी काटे बांधतात. त्यांना क्रॅम्पॉन म्हणतात. ते धातूचे असल्याने, तळ जाड नसेल तर पायांतील ऊब बर्फाच्या हवाली करतात.

हे शास्त्र पुस्तकात येण्यापूर्वी उत्तरेकडील हिमप्रदेशांतील रहिवाशांनी ते ओळखले होते. स्कँडिनेव्हियाच्या उत्तरेस राहणारे सामी लोक रेनडिअरच्या कातड्याचे केसाळ बूट करीत व त्यात वाळलेले गवत भरीत. गवतामुळे हवा धरून राहते आणि घामही टिपला जातो. रात्री ते गवत बाहेर काढून वाळविले की सकाळी बूट पुन्हा कोरडा. भाताच्या तणसाची ऊब आपल्या धान पिकविणाऱ्या जिल्ह्यास ठाऊक आहे. तिच्यामागचे तत्त्व हेच. रोआल्ड आमुंडसेन यांच्या तुकडीने १९११ सालच्या ध्रुवीय रात्रीत आपले बूट पुनःपुन्हा उसवून, वाढवून, शिवून घेतले. तरीही सप्टेंबरमध्ये थंडी ओसरण्याआधीच निघण्याची घाई झाली, तेव्हा काहींच्या टाचा गोठल्या आणि सर्वांना तळावर परतावे लागले. ते परतले म्हणूनच १४ डिसेंबर १९११ रोजी आमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोहोचू शकले. उलट, कॅप्टन स्कॉट यांच्या तुकडीतील लॉरेन्स ओट्स यांचे पाय परतीच्या प्रवासात गोठत गेले. रोज सकाळी पादत्राणे चढविण्यातच फार वेळ जाऊ लागला व आपल्यामुळे सोबत्यांचा प्रवास खोळंबतो, हे त्यांना कळून चुकले. मार्च १९१२ मध्ये ते तंबूबाहेरच्या हिमवादळात निघून गेले, ते परतले नाहीत. त्यांचे सोबतीही पुढे वाचले नाहीत.

हिमालयात याचा सर्वांत दारुण धडा अन्नपूर्णा शिखरावर मिळाला. ३ जून १९५० रोजी मोरीस एर्झॉग व लुई लाशनाल हे फ्रेंच गिर्यारोहक ८,०९१ मीटर उंचीच्या या शिखराकडे निघाले होते. आठ हजार मीटरांवरील एकही शिखर तोवर मानवाने सर केलेले नव्हते. लाशनाल हे आल्प्स पर्वतातील वाटाडे. पाय हेच त्यांच्या उपजीविकेचे साधन. पाय बधिर होत आहेत, हे त्यांनी वाटेतच ओळखले आणि मी परत फिरलो तर तुम्ही काय कराल, असे सोबत्यास विचारले. एकटा पुढे जाईन, असे उत्तर मिळाले. सोबत्याला एकटे सोडणे लाशनाल यांना मान्य नव्हते. ते पुढे चालू लागले. शिखर मिळाले, पण लाशनाल यांच्या पायांची सगळी बोटे गेली, आणि उतरताना हातमोजे गमावलेल्या एर्झॉग यांची पायांच्या बोटांबरोबर हातांचीही बहुतेक बोटे गेली. उतरताना लाशनाल यांचे सुजलेले पाय त्यांच्या बुटांत मावेनात, तेव्हा लिओनेल तेरे या सोबत्याने आपले मोठे बूट त्यांना दिले व स्वतः त्यांच्या लहान बुटांत पाय कोंबले. असा त्याग वाचून मन भरून येते. तथापि शिखराची किंमत कोणी, किती व कोणासाठी द्यावी, हा प्रश्न अन्नपूर्णेच्या विजयाला कायमचा चिकटून राहिला आहे.

१९५३ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेने या अनुभवापासून बोध घेतला. अगदी वरच्या टप्प्यासाठी तिने खास बूट करवून घेतले. त्यांच्या दोन थरांमध्ये कापोकचा सुमारे इंचभर जाड थर भरलेला होता. आपल्या रानांतील काटेसावरीच्या बोंडांतून जो रेशमासारखा कापूस निघतो व उशांत भरला जातो, त्याचाच हा भाऊबंद. पायांचा घाम या थरात शिरू नये म्हणून आतून जलाभेद्य अस्तर लावले होते. तरीदेखील २९ मे १९५३ च्या पहाटे एडमंड हिलरी यांना आदल्या रात्री काढून ठेवलेले बूट दगडासारखे गोठलेले आढळले, आणि ते स्टोव्हवर धरून मऊ करण्यात मोलाचा वेळ गेला. तेनसिंग नोर्गे यांनी आपले रेनडिअरच्या कातड्याचे बूट रात्रभर पायांतच ठेवले होते. ते बूट आदल्या वर्षीच्या स्विस मोहिमेतले, आणि आतले मोजे त्यांच्या पत्नी आंग ल्हामू यांनी विणलेले. त्याच स्विस मोहिमेत तेनसिंग यांच्यासह सुमारे ८,६०० मीटरांपर्यंत चढलेले रेमाँ लाँबेर यांची पायांची सर्व बोटे १९३८ सालीच हिमदंशाने गेली होती, हे वाचून आम्ही थक्क झालो.

आता बुटांचे दोन-तीन थर असतात. आतला थर काढून रात्री झोपण्याच्या पिशवीत घेता येतो, म्हणजे तो गोठत नाही. घाम बाहेरच्या मोज्यात शिरू नये म्हणून काही जण पातळ मोज्यावर पाणी न शिरणारे दुसरे आवरण चढवितात. हवा लागताच तापणाऱ्या पुड्याही मिळतात. त्यांत लोखंडाची बारीक पूड असते व ती गंजताना उष्णता सुटते. परंतु गंजण्यासही प्राणवायू लागतो. म्हणून विरळ हवेत, बंद बुटाच्या आत, या पुड्या मंदावतात. विजेवर तापणाऱ्या मोज्यांची बॅटरी संपू शकते. ज्याने केवळ यंत्रावर भरवसा ठेवला, त्याला ऐन वेळी आपल्या रक्ताचीच आठवण होते.

पाय गोठलाच, तर काय करावे? नेपोलियनचे शस्त्रवैद्य लारे यांच्या काळापासून गोठलेला भाग बर्फाने चोळावा, अशी समजूत रूढ होती. अन्नपूर्णेवर तर सोबत्यांनी सद्भावनेने एर्झॉग व लाशनाल यांच्या हातापायांवर दोरीचे फटके मारले. आज आपण जाणतो की, चोळण्याने व मारण्याने गोठलेल्या पेशी अधिकच फाटतात. आणि बधिर पाय विस्तवाजवळ धरला तर तो भाजल्याचेही कळत नाही. अलास्कातील डॉ. विल्यम मिल्स यांनी १९६० नंतरच्या काळात दाखविलेली रीत आता मान्य झाली आहे. पाय सुमारे ३७ ते ३९ अंश तापमानाच्या पाण्यात बुडवून लवकर उबदार करावा. मात्र तो पुन्हा गोठण्याची भीती असेल, तर उबदार करूच नये. एकदा वितळून पुन्हा गोठलेला पाय पहिल्याहून फार अधिक नासतो. म्हणून पुष्कळदा गोठलेल्या पायांनीच खालच्या तळापर्यंत चालत येणे श्रेयस्कर ठरते.

या सर्व विवेचनातून आपण काय घ्यावे? उकव्याच्या मॅंगनीजच्या खाणीत रबरी बूट घालून उतरणाऱ्या माणसाचा मोजा घामाने भिजतो, तसाच हिमालयातील गिर्यारोहकाचाही भिजतो. दव तुडवीत शाळेत येणाऱ्या मुलाचे बूट ओले होतात, तसे ध्रुवावरच्या प्रवाशाचेही होतात. नियम सर्वांना एकच. मोजे कोरडे असावेत, बूट सैल असावेत, रात्री ते वाळवावेत, पोट रिकामे नसावे आणि पायांची तक्रार वेळेवर ऐकावी. हे नियम साधे आहेत, म्हणूनच ते विसरले जातात. शिखराची ओढ लागली असता थांबून बूट काढणे व बोटे तपासणे कठीण असते. ते करण्यास जे धैर्य लागते, त्याचे पोवाडे कोणी गात नाही. परंतु शिखरावर जाऊन, आपल्या दहाही बोटांनिशी चालत घरी परतणाऱ्यांच्या अंगी ते असते, असे आम्हांस वाटते.